डाव्या बाजूचा आरसा

वडवणीत बसस्टँडवरून परळीच्या रस्त्यानं निघालं, की कारखान्याकडं जाणाऱ्या फाट्याच्या तोंडाशी मन्मथप्पांचं काचेचं दुकान लागतं. देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो, खिडक्यांची तावदानं, मिठाईवाल्यांच्या काउंटरच्या काचा, असलं सगळं काम तिथं होतं. मन्मथप्पा आता थकले. गल्ल्यावर त्यांची सून उमाबाई बसते. उमाबाईशी गोड बोलून आपलं काम साधलं, असं सांगणारा माणूस गावात सापडायचा नाही. भाव ती एकदाच सांगते. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणते, "कानात काच गेली का?" लग्न होऊन आली तेव्हाही ती अशीच होती, आणि तिच्या नवऱ्यानं, रवीनं, ते हसण्यावारी नेलं होतं. पुढं त्या घरात हसण्यासारखं फार काही राहिलं नाही.

झालं ते उसाच्या हंगामात. दुपार कलत होती. उमाबाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून एका तसबिरीची काच पुसत होती. रवि चिंचवणला फ्रेम पोचवून स्कूटीवर परत येत होता. त्याच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर आलेला ऊस. दुकान समोर दिसत होतं, म्हणून रवि डाव्या अंगानं, कडेच्या मातीतून पुढं काढायला गेला. त्यानं तसं करायला नको होतं, पण हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही.

फाट्याशी ट्रॅक्टर जरा मंदावला. ड्रायव्हरनं मान वळवली, डावीकडं मागं पाहिलं, आणि ट्रॅक्टर डावीकडं घातला. पहिली ट्रॉली वळली. दुसरी तिच्याहून आतून वळली, तशी ती नेहमीच वळते. स्कूटी आधी उसाखाली गेली आणि मग चाकाखाली. उमाबाईच्या हातातली तसबीर कधी पडली ते तिला कळलं नाही.

ट्रॅक्टर थांबला तेव्हा लोक धावले ते आधी ड्रायव्हरकडं. हनुमान त्याचं नाव, मांजरसुंब्याकडचा. त्याला खाली ओढून लोकांनी असं तुडवलं, की त्याचे पुढचे दात गेले. तोंडातून रक्त गळत असताना तो एकच घोकत होता, "दिसला न्हाई हो. आईच्यान, दिसला न्हाई."

रवीचा उजवा पाय बीडच्या दवाखान्यात गुडघ्याखालून काढावा लागला. जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा उमाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्यानं मागं वळून बघितलं. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. बघितलं आन मंग वळवला."

"म्हंजे माणूस दिसत असून वळवला?"

"दिसत असून."

हवालदारानं तसं लिहून घेतलं.

ट्रॅक्टरमालकाची माणसं मिटवामिटवी करायला घरी आली. मन्मथप्पांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. अप्पांचं म्हणणं होतं, की कोर्टकचेरीत आपल्यासारख्या दुकानदार माणसाचं आयुष्य जातं, शिवाच्या मनात होतं ते झालं, आता देतील ते घ्यावं. उमाबाईनं चहाचा ट्रे बाहेर आणला आणि तो तसाच हातात धरून ती उभी राहिली. "तुमच्यापैकी कोण पाय द्यायला आलंय?" तिनं विचारलं. "कुणीच न्हाई ना? मंग उठा." माणसं उठली. अप्पा आठवडाभर तिच्या हातचं जेवले नाहीत.

वर्ष सरलं. केस तारखांवर चालत राहिली. रवि कुबडीवर घरातल्या घरात फिरायचा, दुकानाकडं यायचा नाही. त्या फाट्याचं तोंड त्याला बघवत नव्हतं. उमाबाईला मात्र ते दिवसभर बघावं लागे. पुन्हा हंगाम लागला, पुन्हा ट्रॅक्टरांची रांग सुरू झाली. प्रत्येक ड्रायव्हर फाट्याशी तशीच मान वळवायचा आणि तसाच ट्रॅक्टर डावीकडं घालायचा. गल्ल्यावर बसून ती त्या माना बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

एका सकाळी शेजारच्या हॉटेलात काही ड्रायव्हर चहा पीत होते. कुणीतरी अपघाताचा विषय काढला. त्यातला एकजण बशीत चहा ओतत म्हणाला, "आता दिसतच न्हाई मागचं, तर डायव्हर काय करनार? नशीब ज्याचं त्याचं." आणि तो हसला. वाईट हसला नाही, उगाच, चहा गरम असल्यावर हसतात तसा हसला. पण उमाबाईनं ते ऐकलं. 'दिसला न्हाई' एवढं म्हटलं की ही माणसं सुटतात. पोलिसात सुटतात, कोर्टात सुटतात, आणि रात्री जेवून निवांत झोपतात. तिनं त्या दिवशी ठरवलं, की यांच्या तोंडातून हा शब्दच काढून घ्यायचा. असं काहीतरी ट्रॅक्टरला लावायचं, की पुन्हा कुणाला 'दिसला न्हाई' म्हणायची सोय उरू नये. दया, माया, लोकांचे जीव वाचावेत, यातलं तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं. नंतर लोकांनी तसं म्हटलं तर ती उडवून लावायची.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरचा ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. हा धनगरवस्तीवरच्या म्हाळूचा मुलगा. बाप मेंढरं राखायचा, पोरगा ट्रॅक्टर हाकायचा. बिडी घ्यायला तो उतरला तेवढ्यात उमाबाई रस्ता ओलांडून गेली आणि साडीचा ओचा आवळून थेट ट्रॅक्टरच्या सीटवर चढली.

"ओ बाई! कावून चढलाव?"

"गप. ऊस भरलेला हाय ना मागं?"

"हाय की. दिसत न्हाई का?"

तिनं हनुमानानं वळवली होती तशीच मान वळवली. डावीकडं, खांद्यावरून मागं. आणि तिला ऊस दिसला. हिरवा, पिवळा, शेंड्याच्या वाढ्यांचे झुबके लोंबणारा नुसता ऊस. रस्ता नाही, चाक नाही, कडेची माती नाही. ट्रॅक्टरला म्हणून जो आरसा होता तो तळहाताएवढा, आणि त्याच्यातही ऊसच. तिनं पुन्हा पाहिलं. सीटवर अर्धी उभी राहून पाहिलं. ऊसच.

ती खाली उतरली आणि दुकानाकडं चालायला लागली. रामेश्वर विचारत राहिला. दुकानात येऊन तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. हनुमान खरं बोलला होता. आणि ती व्हरांड्यात बसून जे बोलली होती, ते खरं नव्हतं. त्याचा तिला जितका राग आला तितका त्या अपघाताच्या दिवशीही आला नव्हता. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. रवीला तर नाहीच.

पंडित वेल्डरचं शेड दुकानामागच्या गल्लीत होतं. तोही तोंडाचा फाटकाच. उमाबाईनं त्याला आपलं म्हणणं सांगितलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डला एक पाईप, त्या पाईपात दुसरा पाईप, आतला बाहेर ओढला की आरसा उसाच्याही पलीकडं गेला पाहिजे, आणि नको तेव्हा आत दुमडला पाहिजे.

"तसबिरीच लावत बसा, बाई," पंडित म्हणाला. "ऊस घासला की तुमचा आरसा पयल्याच फेरीत जाईल."

"मंग घासला तर मागं सरकंल असा कर. दाराला स्प्रिंग असती तशी."

"आन पैसे कोन देनार?"

"तुझ्या दुकानाची काच फुटली तवा मी विचारलतं का?"

पंडितनं शिवी हासडली, पण पाईप कापायला घेतला. ते दोघं त्या हिवाळ्यात रोज भांडले. तो म्हणायचा जाड पाईप, ती म्हणायची जाड पाईप वाकत नाही, मोडतो. तिनं दुकानातल्या साध्या आरशाची काच लावली, तर ट्रॅक्टर चालू होताच ती अशी थरथरायची, की आरशातला रस्ता पाण्यातल्यासारखा हलायचा. मग पंडितनं मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून चौकटीच्या मागं दाबले. थरथर कमी झाली, तर नवीच अडचण निघाली.

ट्रॅक्टर सरळ चालला, की आरशात ट्रॉलीची बाजू आणि मागचा रस्ता चांगला दिसायचा. पण डावीकडं वळायला लागला, की ट्रॅक्टरचं तोंड एकीकडं आणि ट्रॉल्या दुसरीकडं. आरशात पुन्हा नुसता ऊस. म्हणजे ज्या क्षणी बघायला हवं त्याच क्षणी आरसा आंधळा. वळताना तो आरसा बाहेरच्या बाजूला फिरायला हवा होता आणि वळण संपलं की जागेवर यायला हवा होता. ड्रायव्हर काही खाली उतरून आरसा फिरवणार नाही. त्याला सीटवर बसल्या बसल्या फिरवता आला पाहिजे.

घरामागं रवीची स्कूटी पडून होती. पोलिसांनी सोडल्यावर आणून टाकली होती, ती कुणी हलवली नव्हती. उमाबाई पाना घेऊन तिच्यापाशी बसली आणि डाव्या हाताचा ब्रेक काढायला लागली. दांडा, केबल, स्प्रिंग. दांडा दाबला की केबल ओढली जाते, सोडला की स्प्रिंग मागं घेते. तिला हवं होतं ते सगळं त्यात होतं.

कुबडीचा आवाज आला. रवि दारात उभा होता.

"काय करतीस?"

"ब्रेक काढते."

"कशाला?"

तिनं सांगितलं. "माझ्या गाडीचं सामान काढून तू उसाच्या ट्रॅक्टरला लावतीस? माझा पाय गेला, आन तू त्या भाडखावांच्या सोयीचं करतीस?"

"सोयीचं न्हाई. गैरसोयीचं करते."

"लोक काय म्हंतेत म्हाईत हाय का तुला? रव्याची बायको डायव्हरांच्या मांडीला मांडी लावून ट्रॅक्टरवर बसती म्हंतेत."

"म्हणू दे. तुमी काय म्हंता ते सांगा."

रवीनं हातातली कुबडी फेकली. ती तिच्या खांद्याला लागली. मग कुबडीवाचून तो दाराची चौकट धरून एका पायावर तसाच उभा राहिला, आणि उमाबाईनंही कुबडी उचलून दिली नाही. ती नट फिरवत राहिली. शेवटी आतून त्यांची मुलगी अपेक्षा आली, तिनं कुबडी बापाच्या हातात दिली आणि आईकडं न बघता आत गेली.

मन्मथप्पांनी वेगळा मार्ग काढला. काच कापायचा हिरा त्यांनी दुकानातून नेला आणि पूजेच्या डब्यात ठेवला. "देवाच्या तसबिरींची काच कापायचा हिरा आहे तो," कपाळावरची विभूती नीट करत ते म्हणाले. "वाहनांच्या धंद्याला मिळायचा नाही." उमाबाई बीडला गेली आणि नवा हिरा घेऊन आली. घरात नुसती ताटं वाढली जायची, ताटं उचलली जायची.

संक्रांतीनंतर आरसा रामेश्वरच्या ट्रॅक्टरवर चढला. या वेळी तिनं ट्रकच्या आरशाची फुगीर काच लावली होती, तिच्यात जास्त रस्ता मावायचा. म्हाळूच्या माळावर वळण आखलं. ट्रॉल्या भरलेल्या होत्या. उमाबाई स्वतः डाव्या अंगाला, मागच्या ट्रॉलीच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पंडित ओरडला, "बाई, दगड ठेवा तिथं, नायतर बादली ठेवा!" पण तिनं ऐकलं नाही.

रामेश्वरनं वळणाशी दांडा दाबला. आरसा बाहेर फिरला. "दिसलाव!" तो ओरडला. आणि तरीही ट्रॅक्टर येतच राहिला. उसाची टोकं उमाबाईच्या तोंडावर आली, वाढ्यांनी गाल ओरबाडला, पदर ट्रॉलीच्या कडीत अडकून टर्रकन फाटला आणि ती मागं कोसळली. चाक तिच्या चपलेला घासून गेलं.

रामेश्वर उडी टाकून पळत आला. "तुमी लई लांब दिसत हुत्याव! आईशप्पत, लांब दिसत हुत्याव, बाई!"

पंडितनं त्याच्या मुस्काटात मारली. उमाबाई उठली, तोंडातली माती थुंकली आणि पंडितवरच ओरडली, "त्याला कशाला मारतो बे? काच फुगीर हाय. फुगीर काचेत माणूस बारीक दिसतो, आन बारीक दिसला की लांब वाटतो. माझं डोकं फिरलंय, त्याचं न्हाई."

मग चौकट मोठी झाली. वर सपाट काच, खाली फुगीर काचेची पट्टी. खालच्या काचेत माणूस आहे का ते कळायचं, वरच्या काचेत तो किती जवळ आहे ते. पुन्हा माळावर वळण घेतलं, या वेळी मात्र पंडितच्या सांगण्याप्रमाणं तिच्या जागी एक जुना ड्रम उभा केला. रामेश्वर ड्रमापासून बऱ्याच अलीकडं थांबला. तिनं पुन्हा पुन्हा करायला लावलं. ड्रम हलवला, आडवा केला, त्याच्यावर काळं फडकं टाकलं. रामेश्वर दर वेळी थांबला. पंडित म्हणाला, "झालं आता." ती म्हणाली, "पावसाचं पाणी मारून बघू." त्यानं कपाळावर हात मारला.

दुकानावर तिनं पाटी लावली. 'उसाच्या ट्रॅक्टरला मागचं दिसत नाही? आरसा बसवून घ्या.' हंगाम संपेपर्यंत जेमतेम चार-दोन जणांनी बसवून घेतला, तेही रामेश्वरच्या ओळखीतले. बाकीचे पाटी वाचून हसायचे.

एकदा ती काच बदलायला कारखान्याच्या आवारात गेली होती. ट्रॅक्टरांची रांग लागलेली. रामेश्वरच्या ट्रॅक्टरपाशी ड्रायव्हरांचा घोळका होता, आणि सीटवर हनुमान बसला होता. तो दांडा दाबत होता, सोडत होता, आरसा फिरताना बघत होता. पुढचे दात नसल्यामुळं त्याचा वरचा ओठ आत गेला होता. तिला बघून तो उतरला नाही.

"बाई, तुमीच केलं का हे?"

"उतर खाली."

"विचारतो ते सांगा की. म्हंजे ह्याच्याबिगर मागचं दिसत न्हाई, आसं तुमचं म्हनणं हाय?"

"न्हाईच दिसत!" ती ओरडली. सगळ्यांनी ऐकलं. "आंधळ्यावानी हाकता तुमी लोक. उतर, न्हाईतर पाना घालीन डोक्यात."

हनुमान सावकाश उतरला. तिच्यासमोर येऊन त्यानं तोंड उघडून दाखवलं. "हे बघा. तुमच्या माणसाचा एक पाय गेला, माझं तोंड गेलं. मी पळून गेलतो का? गाडी थांबवून तिथंच हुतो. तरी माझ्या पोरांना गावात खुन्याची म्हनून वळखत्यात." तो थुंकला आणि निघून गेला. उमाबाईच्या हातात पाना होता. तो तिनं इतका घट्ट धरला होता, की घरी आल्यावर बोटं उघडताना दुखली.

तिची साक्ष पावसाळ्यात लागली. सरकारी वकिलांनी तिला बाहेर बजावलं होतं, "जबाबात आहे तेवढंच सांगा. त्यानं पाहिलं आणि वळवला." रवि पहिल्या बाकावर कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी अप्पा.

ती बोलली. हनुमानानं मान वळवली, पाहिलं, ट्रॅक्टर वळवला. मग हनुमानाचा वकील उठला. शांत माणूस होता, आवाज चढवायचा नाही.

"बाई, तुमच्या दुकानावर पाटी आहे?"

"हाय."

"काय लिहिलंय?"

तिनं सांगितलं. कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश साहेबांनी वर पाहिलं तेव्हा ते थांबलं.

"तुम्ही स्वतः उसाच्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसलात. भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना मान वळवून पाहिलंत. बरोबर?"

"बरोबर."

"काय दिसलं?"

"ऊस."

"डाव्या बाजूनं येणारी स्कूटी तिथून दिसली असती?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. साहेबांनी त्यांना बसवलं. उमाबाईनं रवीकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, आणि तिला कळलं, की हे वाक्य तिच्या तोंडून निघालं तर हा माणूस तिला माफ करणार नाही. हनुमान पिंजऱ्यात उभा होता, ओठ आत घेऊन. त्याच्याविषयी तिला तेव्हाही काडीची दया आली नाही. पण माळावर फाटलेला पदर तिनंच शिवला होता, ओरबाडलेल्या गालाची खूण अजून होती. जे डोळ्यांनी पाहिलं ते नाही म्हणणं तिला जमेना.

"न्हाई," ती म्हणाली. "त्या शिटावरून दिसत न्हाई."

"म्हणजे माझ्या अशिलाला तुमचे यजमान दिसले नाहीत."

"दिसले न्हाईत. पण आपल्याला दिसत न्हाई, हे त्याला रोज म्हाईत हुतं. म्हाईत असून वळवला."

"विचारलं तेवढंच सांगा, बाई."

"सांगितलं की. आता तुमी लिहून घ्या, नका घेऊ."

साहेबांनी दोन्ही वाक्यं टाईप करायला सांगितली. पण निकाल लागला तेव्हा पहिलं वाक्य जड पडलं. माणूस दिसत असून वळवला हे सिद्ध झालं नाही, शिवाय स्कूटी चुकीच्या बाजूनं पुढं काढली जात होती. हनुमान संशयाचा फायदा मिळून सुटला.

कोर्टाबाहेर चिंचेखाली तो तिच्याकडं आला. "बाई, खरं बोललाव."

"तुझ्यासाठी न्हाई बोलले," उमाबाई म्हणाली. "पुन्यांदा थोबाड दाखवू नको."

रवीनं घरी गेल्यावर एकच वाक्य म्हटलं, "दुसरा पाय पण त्यालाच दिऊन टाक." आणि मग कितीतरी महिने काहीच म्हटलं नाही. अप्पांनी मात्र कपडे न बदलता तिला बोलावलं आणि तासभर बोलले. मिटवलं असतं तर अब्रू राहिली असती, पैसा आला असता, हे सगळं. तिनं ऐकून घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, असा तिच्या आयुष्यातला तो बहुधा एकमेव प्रसंग.

गंमत अशी, की आरशांचा धंदा चालला तो त्या निकालानं. हनुमानाच्या वकिलानंच आपल्या ट्रॅक्टरमालकांना सांगितलं, "ह्या वेळी सुटलात. पुढच्या वेळी समोरचा वकील विचारील, की बाजारात आरसा मिळत होता, कोर्टात सांगितलेला होता, मग कावून लावला न्हाई? तेव्हा माझ्याकडं उत्तर नसंल." मालक लोक घाबरतात ते असल्या गोष्टीला. दिवाळीच्या आधी पंडितच्या शेडपुढं ट्रॅक्टरांची रांग लागली. प्रत्येकजण बडबडत यायचा, महाग आहे म्हणायचा, बाईनं कोर्टात तोंड घातलं म्हणून आमच्या डोक्याला ताप, असं तिच्या तोंडावर म्हणायचा. ती म्हणायची, "ताप आला तर दवाखान्यात जा. आरसा पायजे तर ओळीत उभा ऱ्हा."

काचा कापायचं काम तिला एकटीला आवरेना. घाईत कडा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. एक दिवस ती खाली बसून काच कापत होती. मागून कुबडी आली आणि हिरा धरलेल्या तिच्या मनगटावर टेकली.

"वाकडी कापतीस," रवि म्हणाला. दोन वर्षांनी तो दुकानात आला होता. "सरक."

ती सरकली. त्यानं काच मांडली, पट्टी धरली आणि एका दमात सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिच्याशी बोलतो तो अजून तेवढंच, काचेपुरतं, आणि तेही खेकसून. अप्पांनी जुना हिरा पूजेच्या डब्यातून काढून मुलाला दिला, सुनेला नाही.

हनुमानाच्या मालकानंही आरसा घेतला. तो बसवायला हनुमानच ट्रॅक्टर घेऊन आला. पंडितनं वेल्डिंग केलं, केबल ओढली. सगळा वेळ हनुमान सीटवर ताठ बसून समोर रस्त्याकडं बघत होता आणि रवि दुकानात पाठ करून काच घासत होता. उमाबाई बाहेर आली नाही. पंडितनं आत येऊन विचारलं, "बाई, तुमी बघून घेता का, नीट बसलाय का?"

"तू बसवलायस ना? मंग बसला आसंल."

ट्रॅक्टर गेला. तिनं मान वर केली नाही, पण तो फाट्याशी वळेपर्यंत कान तिकडंच होते, हे पंडितनं पाहिलं.

आता त्या भागात बऱ्याच उसाच्या ट्रॅक्टरांना तो लांब हाताचा आरसा दिसतो. परळीकडच्या एका कारखान्याच्या वर्कशॉपनं तसाच करून घेतला, पंडितहून चांगला, रंग देऊन. उमाबाईला कुणी विचारलं नाही. ती म्हणते, "करू द्या. त्यांचा पाईप लवकर सडतो." शेतकी मेळाव्यात सत्कार करायला तिला एकदा बोलावलं होतं. ती गेली आणि माईकवरून ट्रॅक्टरमालकांना असं काही बोलली, की पुन्हा बोलावलं नाही.

ड्रायव्हरांची तिच्यावरची खुन्नस कमी झालेली नाही. आरसा बाहेर असला की गल्लीबोळात अडतो, पोरं दगड मारतात, म्हणून पुष्कळजण तो आत दुमडूनच हाकतात. परवा भरबाजाराच्या दिवशी असाच एकजण मिटलेला आरसा घेऊन फाट्याशी आला. उमाबाई गिऱ्हाईक सोडून धावली आणि ट्रॅक्टरपुढं हात कंबरेवर ठेवून उभी राहिली. मागं हॉर्न वाजायला लागले. बाजारची माणसं थांबून बघायला लागली.

"मराचंय का, बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"आरसा काढ भाईर."

"तुमच्या बापाचा रस्ता हाय का?"

"तुझ्या बापाचा हाय का? काढ म्हंते ना."

त्यानं आईबापांवरून शिव्या दिल्या. तिनंही दिल्या, आणि तिच्या जास्त होत्या. शेवटी त्यानं दात-ओठ खात पाईप बाहेर ओढला, खटका बसवला आणि आरसा हातानं थापटून उघडला. उमाबाई मुद्दाम डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, उसापासून दोन पावलांवर, आणि तो ट्रॅक्टर पुरता वळून जाईपर्यंत तिथून हलली नाही.